‘ॲलिस’ सापडत का नाही?



समजा, पाचवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत शाळेच्या ग्रंथालयात येते. हातात डबा, पोळीचा शेवटचा घास अजून तोंडात. पुस्तकांची यादी नुकतीच संगणकावर चढलेली आहे, म्हणून ती ऐटीत ‘ॲलिस’ असं टाइप करते. संगणक सांगतो, नाही. पुस्तक मात्र तिच्या पाठीमागच्या कपाटात आहे.

आज ज्यांच्या हाती ग्रंथालयशास्त्राची पदवी पडली, त्यांच्यापैकी जे शाळांमध्ये जातील त्यांचं पुढचं शिक्षण या ‘नाही’पासून सुरू होतं.

कारण शोधायला गेलं तर ते मराठी टंकलेखनात दडलेलं असतं. ‘ॲ’ संगणकात दोन वाटांनी शिरतो. एकतर स्वतंत्र अक्षर म्हणून, नाहीतर ‘अ’ला वर चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते वेगवेगळे आहेत. ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या र-चंही तेच. त्याहून जुनं दुखणं म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या याद्या. दुसऱ्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. आणि नावांचं काय? एकानं ‘पु. ल. देशपांडे’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘देशपांडे, पु. ल.’, तिसऱ्यानं मधली जागाच गिळली. माणसाला कळतं की हे एकच पु. ल. संगणकाला ते सांगावं लागतं. दाखल नोंदवहीतून यादी उतरवताना नावाची एकच पद्धत ठरवणारा आणि ती शेवटच्या दाखल क्रमांकापर्यंत पाळणारा ग्रंथपालच हे सांगू शकतो.

ग्रंथपालांसाठी तंत्रज्ञानाची प्रशिक्षणं होतात, पण त्यांत हा ‘ॲ’ सहसा येत नाही. पडद्यावर चित्रं सरकतात, चहा होतो, प्रमाणपत्र मिळतं. कोणती कळ दाबायची ते कळतं. आपल्या कपाटातला गुंता घेऊन कुणी आलेलाच नसतो, मग तो सुटणार कसा?

या व्यवसायातल्या सर्वांत मोठ्या भारतीय माणसाचं प्रशिक्षण असं झालं नव्हतं. शि. रा. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच इतके कंटाळले की आपल्या जुन्या कॉलेजात परत घ्या म्हणून विनवणी करायला गेले. आधी इंग्लंडला जाऊन या, मग बघू, असं ठरलं. तिथे त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात धडे घेतलेच, पण त्याहून जास्त वेळ ग्रंथालयं पाहण्यात घालवला. मुलं कुठे बसतात, कामगार केव्हा येतात, पुस्तक हाती यायला किती वेळ लागतो, हे पाहिलं. एका दुकानात मेकॅनो हे खेळणं दिसलं. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडणी बदलली की निराळं यंत्र. त्यातून कोलन वर्गीकरणाची कल्पना सुचली आणि १९३३ साली ती पुस्तकरूपानं आली. त्याआधी, १९३१ मध्ये, त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत प्रसिद्ध झाले होते. परतलेल्या रंगनाथनांनी पुन्हा गणिताकडे जायचं नाव काढलं नाही. वर्गीकरणाची गुरुकिल्ली खेळण्याच्या दुकानात सापडावी, हे शाळेच्या ग्रंथपालानं मुद्दाम ध्यानात ठेवावं असं आहे.

सॉफ्टवेअरच्या जगातही एक गोष्ट याच चालीची आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या लहानशा भागातल्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. त्यांनी काटिपो नावाच्या देशातल्याच एका कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली, ३ जानेवारी २००० ला ती सुरू केली आणि तिचा स्रोत जगाला खुला केला. तीच ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे पाहुण्यानं यजमानांना द्यायची भेट, आपल्या आहेरासारखी परतफेडीची जाण असलेली. आज भारतातली कितीतरी महाविद्यालयं ती वापरतात. तिची सुरुवात मात्र एका आडगावच्या ग्रंथालयाच्या अडचणीतून झाली होती.

महाराष्ट्रातल्या शाळेत अडचणी कमी नाहीत. पटसंख्या पुरेशी नसेल तर पद अर्धवेळ, आणि त्या अर्ध्या वेळातही परीक्षेची कामं, शिष्यवृत्तीचे अर्ज, गैरहजर शिक्षकाचा तास. अशा माणसाला ‘डिजिटल व्हा’ असं नुसतं सांगणं ही थट्टाच. त्याला शिकायला मिळावं ते नोकरीच्या जागीच. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमातला ग्रंथालय-शिक्षकांचा अभ्यासक्रम काहीसा असाच आहे. काही दिवस सगळ्यांनी एकत्र शिकायचं आणि बाकीचा अभ्यास आपापल्या ग्रंथालयात, समोरच्या मुलांबरोबर करायचा. गोव्यातल्या बुकवर्मसारख्या संस्थेनं तर गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवणं हेही शिकण्याचं कौशल्य मानलं. ते आहेच. पंचावन्न मुलांपुढे चित्रपुस्तक कुठे धरायचं, पान उलटण्याआधी किती थांबायचं, हे पाठ्यपुस्तकातून येत नाही.

फुकटचं साहित्यही मुबलक आहे. ‘बालभारती’च्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संगणकावर वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीसह अनेक भाषांतल्या गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे छापा, वाटा, हवं तर आपल्या बोलीत आणा. सातवीच्या मुलांनी एक गोष्ट अहिराणीत आणली तर भाषेचा तास आणि ग्रंथालयाचा तास एकाच वेळी होईल.

मुलांना गुंतवणं म्हणजे स्पर्धा भरवणं, असा एक समज आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी फलक लागतात, फोटो निघतात, १६ तारखेला कपाटाला पुन्हा कुलूप. त्यापेक्षा देवघेवीच्या टेबलावर आठवीतली दोन मुलं बसवावीत. पुस्तकाच्या मलपृष्ठावर क्यूआर कोड चिकटवून वाचणाऱ्याचं अर्ध्या मिनिटाचं मत ऐकवावं. ‘मला कंटाळा आला’ हे मतही चालेल, उलट ते आधी ऐकलं जाईल. यातही जबाबदारी आहे. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. नाव-चेहरा न घेता नुसता आवाज ठेवला तरी पालकांना विचारणं आलंच. कोणत्या मुलानं कोणतं पुस्तक नेलं, हेही चव्हाट्यावर मांडायचं नसतं.

आता त्या मुलीकडे. ग्रंथपालानं दोन्ही ‘ॲ’ एक करून यादी दुरुस्त केली, तरी संगणक ‘नाही’च म्हणतो. कारण त्या कपाटातली ॲलिस मराठीत येताना नाव बदलून आली आहे. फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत यांनी तिला जाई केलं. पुस्तकाचं नाव ‘जाईची नवलकहाणी’. ज्यानं दोन्ही पुस्तकं चाळली आहेत त्यालाच हे ठाऊक. जुन्या तालिका-पेटीत अशा वेळी एक जादा कार्ड घालत आणि त्यावर ‘पाहा’ लिहून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवत. संगणकाच्या नोंदीतही तेवढ्यासाठी जागा असते. एक ओळ लागते: ॲलिस, पाहा जाई. घंटा व्हायला चार मिनिटं आहेत, मुलगी अजून उभी आहे, आणि ओळ तिलाच टाइप करायला सांगता येते.