मानेला हात लावण्याआधी

यवतमाळ जिल्ह्याच्या १६ तालुक्यांतून आलेले डॉक्टर, परिचारिका आणि १०८ रुग्णवाहिका चालवणारे पायलट बंधूहो,

मानेच्या दुखापतीवर इथे बोलायलाच हवे. पांढरकवड्यावरून नागपूर–हैदराबाद महामार्ग जातो, वणीकडे कोळशाचे ट्रक धावतात, कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर बाया मालवाहू गाड्यांत दाटीवाटीने बसून शेतावर जातात. अपघात झाला की गावकरी जीव तोडून धावतात. दोघे काखेत हात घालतात, दोघे पाय धरतात, मान मागे लोंबते. कुणी पाणी पाजायला डोके उचलतो. मणका मोडूनही शाबूत राहिलेला मज्जारज्जू या उचलाउचलीत दुखावू शकतो.

हातपाय हलतात म्हणजे मान ठीक, हा समज आपल्या लोकांतही आहे. तो सोडू या. मांडीचे हाड मोडलेला माणूस मांडीसाठीच ओरडतो, मानेचे दुखणे त्याच्या ध्यानातही येत नाही. दारू प्यायलेल्याच्या ‘काही नाही झालं’वर तर मुळीच विसंबू नये. छाती हलत नाही, श्वासाला नुसते पोट वरखाली होते, असे दिसले की सावध व्हा. रक्तदाब उतरलेला, पण नाडी मंद आणि कातडी कोमट, हीही मज्जारज्जूच्या इजेची खूणच. मात्र आधी रक्तस्राव शोधायचा. श्वासमार्ग आणि रक्तस्राव यांच्यापुढे मानेला लावायच्या कॉलरचा मान दुसरा.

आपल्याकडे अंतरे मोठी. उमरखेडहून यवतमाळ, गरज पडली तर पुढे नागपूर, म्हणजे आणखी सुमारे १५० किलोमीटर. कडक फळी रुग्ण उचलण्यासाठी आहे, तासन्‌तास झोपवून ठेवण्यासाठी नाही. संवेदना गेलेल्याला फळी टोचते हे कळतही नाही, आणि माकडहाडावर जखम होते. कॉलर नसेल तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा, एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे, हे गावोगाव सांगा.

दुपारी चौघांनी मिळून रुग्ण कुशीवर वळवण्याचा सराव आहे. डोके धरणाऱ्याने आकडे मोजायचे, बाकीच्यांनी त्याच्याच शब्दावर हलायचे. डोक्याशी पायलट बंधूंनी बसावे आणि आम्ही सर्जन मंडळींनी पायाशी, अशी माझी विनंती आहे.