फोनचा शोध आणि माणसाची मर्यादा

(ज्ञातिमंडळाच्या धुळे येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



वधूवर-परिचय, शिष्यवृत्त्या, विद्यार्थ्यांची राहण्याची सोय हे आपल्या मंडळाचे नित्याचे विषय बाजूस ठेवून आम्ही आज मोबाईल फोनसारख्या लहानशा यंत्राविषयी बोलावयास उभे राहिलो आहोत, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हे यंत्र आता आपल्या प्रत्येक घरात नांदत आहे. ते हरवले तर घर अस्वस्थ होते. आणि तेच घरातील एखाद्या माणसाच्या मागावर लावले तर घराचा विश्वास नाहीसा होतो. म्हणून त्याचा शोध कसा घ्यावा आणि कोठे थांबावे, ह्या दोन्ही गोष्टी आपणांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॅप्टन ब्रिग्जने ह्या आपल्या धुळे शहराची नवी पेठ आखली. तेथील गल्ल्या आपण आजही क्रमांकानेच ओळखतो, आणि परगावचा पाहुणा गल्लीचा आकडा विचारीत बिनचूक घर गाठतो. पण घर सापडले म्हणून तो थेट माजघरात शिरत नाही. ओट्याशी थांबून हाक मारतो. आमच्या सांगण्याचे सार ह्या रिवाजातच आहे. फोन कोठे आहे हे कळणे म्हणजे गल्लीचा आकडा कळणे होय. आत जाण्याची परवानगी निराळी मागावी लागते.

प्रथम हरवलेल्या फोनविषयी. फोन आपले ठिकाण तीन मार्गांनी ओळखतो: आकाशातील उपग्रहांच्या संदेशांवरून, कंपन्यांच्या मनोऱ्यांवरून आणि जवळपासच्या वाय-फाय यंत्रांवरून. गुगल व ॲपल ह्या दोन्ही कंपन्यांनी ह्या माहितीवर चालणारी शोधसेवा फोनमध्येच ठेवलेली आहे. ती आधीपासून चालू असेल, तर दुसऱ्या फोनवर आपल्याच खात्यात शिरून हरवलेला फोन वाजविता येतो, नकाशावर पाहता येतो, त्यास कुलूप लावता येते आणि निरुपाय झाल्यास त्यातील सर्व मजकूर पुसताही येतो.

त्याचबरोबर प्रत्येक फोनचा आयएमईआय नावाचा पंधरा आकडी क्रमांक असतो. दोन सिमकार्डांच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. तारांकित, मग हॅश, मग शून्य सहा आणि पुन्हा हॅश अशी बटणे दाबली की तो दिसतो. तो आजच वहीत लिहून ठेवावा व खरेदीची पावती जपावी. फोन हरवताच पोलिसांत तक्रार नोंदवावी, कंपनीकडून त्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड घ्यावे आणि केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेतून तो फोन बंद करण्याचा अर्ज करावा. ही व्यवस्था २०१९ साली प्रायोगिक स्वरूपात प्रथम आपल्या महाराष्ट्रात सुरू झाली व मे २०२३ मध्ये सर्व देशास खुली झाली. बंद केलेल्या फोनमध्ये कोणी दुसरे सिमकार्ड घातले, तर त्याचा माग पोलिसांस मिळतो. फोन परत मिळाल्यावर तो पुन्हा सुरू करून घेता येतो.

येथे एक इशारा अगत्याचा आहे. नकाशावरील ठिपका हा पुरावा नव्हे. उघड्या माळावर तो काही मीटरांच्या आत खरा ठरेल. परंतु दाट वस्तीच्या गल्लीत तो शेजारच्या घरावर पडू शकतो, आणि केवळ मनोऱ्यावरून काढलेले ठिकाण सातपुड्याच्या पायथ्याशी कित्येक किलोमीटरांनी चुकू शकते. अशा ठिपक्याच्या भरवशावर चार माणसे गोळा करून कोणाच्या दारी जाऊ नये. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे काय घडले ते आपण विसरलेलो नाही. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा फोनाफोनी पसरली होती, आणि तेवढ्या संशयावरून भिक्षा मागत फिरणाऱ्या भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांचा जमावाने जीव घेतला. फोनने सांगितले ते सत्यच, असे मानणाऱ्या हातून कोणता अनर्थ होऊ शकतो, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ठिपका दिसला तर तो पोलिसांस दाखवावा. दार त्यांनी ठोठवावे.

आता ह्याहून नाजूक विषयाकडे वळू. आपली मुलेमुली पुणे, नाशिक, सुरत येथे शिकावयास व नोकरीस जातात. आईबापांचा जीव टांगणीस लागतो, हे स्वाभाविक आहे. पण काळजीपोटी मुलीच्या किंवा सुनेच्या फोनमध्ये तिच्या नकळत पाळतीचे साधन बसविणे ह्यास आम्ही काळजी म्हणणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखाने निर्णय दिला. पुढे ८ जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की, जामिनावर सुटलेल्या आरोपीने आपले ठिकाण गुगलच्या नकाशावरून तपास अधिकाऱ्यास सतत कळवीत राहावे, अशी अटदेखील घालता येणार नाही. श्रोतेहो, आरोपीसही जी मोकळीक न्यायालय नाकारीत नाही, ती आपल्या निरपराध लेकीस आपण नाकारावी काय?

कायदाही येथे स्वस्थ बसलेला नाही. स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पुरुषाने पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लग्न ठरविण्यापूर्वी स्थळाची चौकशी करावी, ती आपली जुनी रीतच आहे. मात्र ती चारचौघांत विचारून करावी. पैसे देऊन कोणाच्या फोनच्या नोंदी मिळविण्याच्या मोहात पडू नये. अशा नोंदी बेकायदेशीरपणे मिळवून विकल्याच्या प्रकरणात ठाणे पोलिसांनी २०१८ साली खाजगी गुप्तहेरांना अटक केली होती.

मग काळजी कशी करावी? उघडपणे, विचारून आणि मुदतीने. रात्रीच्या प्रवासास निघालेली मुलगी व्हॉट्सॲपवरून आपले चालते ठिकाण पंधरा मिनिटे, एक तास अथवा आठ तास घरी दाखवू शकते, आणि वाटेल तेव्हा ते बंदही करू शकते. ही किल्ली तिच्या हाती आहे, ती तिच्याच हाती असू द्यावी. विस्मरणाचा त्रास सुरू झालेल्या वडिलांशी, त्यांना समजते आहे तोवरच, मोकळेपणाने बोलावे आणि त्यांच्या संमतीने घरातील एकदोघांनीच त्यांचे ठिकाण पाहावे. लहान मुलांसही ही सोय का केली आहे ते सांगावे.

आणि माणूस खरोखरच बेपत्ता झाला, तर संकोच नको व विलंबही नको. चोवीस तास थांबावे लागते ही समजूत चुकीची आहे. ११२ वर फोन करावा, जवळचे पोलीस ठाणे गाठावे. मूल हरवले असेल तर अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१३ चा आदेश आहे. कंपनीकडून फोनचे ठिकाण मागविण्याचा अधिकार पोलिसांस आहे. ते काम त्यांच्याकडूनच करवून घ्यावे.

तात्पर्य, आपल्या वस्तूचा शोध आपण हक्काने घ्यावा, पण माणसाचा माग त्याच्या संमतीने अथवा कायद्याच्या हातूनच घ्यावा. आपल्या तरुण मंडळींस आमची विनंती आहे की, आज घरी परतल्यावर आजीआजोबांच्या फोनचा पंधरा आकडी क्रमांक त्यांच्या वहीत लिहून द्यावा. आणि वडीलधाऱ्यांस विनंती ही की, लेकरू कोठे आहे हे जाणून घ्यावेसे वाटले, तर आधी त्यालाच फोन करून विचारावे. ज्या घरात विचारल्यावर खरे उत्तर मिळते, त्या घरास पाळतीची गरज उरत नाही.