आकड्यांची बटणं बंद पडतात तेव्हा

(वसई येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



कार्यक्रमपत्रिकेत या सत्राचं नाव वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. सकाळी आपण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोललो, जेवणानंतर पोटगीवर बोलणार आहोत, मग मध्येच हा कीबोर्ड कशाला? एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मलाही हे कोणी शिकवलं नव्हतं. पण केंद्रात बसायला लागल्यावर दिसलं, की आज बाई कुठलाही प्रश्न घेऊन आली तरी तिच्याबरोबर आकडे येतात. आधारचे १२, मोबाइलचे १०, बँकेच्या खात्याचा क्रमांक, रेशनकार्डाचा क्रमांक, खटल्याचा क्रमांक, पुढची तारीख. आणि मोबाइलवर येऊन काही मिनिटांत शिळा होणारा ओटीपी.

अशा वेळी कॉम्प्युटर नेमके आकडेच घेईनासा झाला तर काय होतं, त्याचं एक उदाहरण सांगते. नालासोपाऱ्यात इमिटेशन दागिन्यांचं काम घरी आणून करणारी एक बाई. तिने नवऱ्याला न सांगता स्वतःच्या नावाचं खातं उघडलं होतं. एका कार्यालयात ती अर्ज भरायला गेली. तिथल्या कॉम्प्युटरवर नाव-पत्ता उमटला, पण आकडे उमटेनात. 'मशीन बिघडलंय' म्हणून तिला शेजारच्या दुकानात पाठवलं. दुकानात रांग. टेबलामागचा मुलगा तिथूनच ओरडून विचारतोय, 'आधार बोला, खातं कुठल्या बँकेत, ओटीपी बोला.' तिने सगळं मोठ्याने सांगितलं. रांगेत नवऱ्याच्या ओळखीचा एकजण होता. संध्याकाळपर्यंत घरी बातमी पोचली. आमच्याकडे ती आली ती सुजलेला हात घेऊन.

नंतर मी त्या कार्यालयात गेले होते. कीबोर्डच्या वरच्या रांगेतले आकडे धडधाकट होते. बंद होता तो फक्त उजवीकडचा आकड्यांचा गट, आणि तोही बिघडलेला नव्हता. एक बटण दाबायचं होतं, एवढंच.

मारहाण त्या बटणामुळे झाली असं मी म्हणत नाही. ती कशामुळे होते हे इथे कोणाला सांगायला नको. पण बाईची गुप्त माहिती चारचौघांत गेली ती आपल्यासारख्याच कोणाला एक साधी गोष्ट माहीत नव्हती म्हणून. म्हणून आज ती गोष्ट नीट शिकून घेऊ या.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: कुठले आकडे बंद आहेत? कीबोर्डवर आकडे दोन ठिकाणी असतात. एक, अक्षरांच्या वरची आडवी रांग. दोन, उजव्या बाजूचा कॅल्क्युलेटरसारखा चौकोनी गट. कोरं पान उघडा, नोटपॅड चालेल, आणि दोन्हीकडचे सगळे आकडे एकेक दाबून बघा. अर्जाच्या चौकटीत ही तपासणी करू नका. कधी कधी ती चौकटच आकडा नाकारत असते आणि दोष बिचाऱ्या बटणांवर येतो.

फक्त उजवीकडचा गट बंद असेल तर दहातल्या नऊ वेळा कारण नमलॉक, असा माझा अनुभव आहे. त्या गटाच्या वरच्या कोपऱ्यात हे बटण असतं. बहुतेक कीबोर्डांवर त्याचा छोटा दिवाही असतो. दिवा लागलेला असला की तो गट आकडे लिहितो. विझलेला असला की तीच बटणं दुसरं काम करतात: ८, २, ४ आणि ६ हे बाण होतात, ७ आणि १ ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला नेतात, आणि शून्याशेजारचं टिंब लिहिलेलं पुसतं. म्हणजे 'आकडा उमटत नाही' म्हणून रागाने तीच बटणं दाबत बसलो तर आधी भरलेली माहितीसुद्धा जाऊ शकते.

एका बटणाला दोन कामं का दिली? १९८१ साली आयबीएमने पहिला पर्सनल कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याच्या कीबोर्डला ८३ बटणं होती आणि बाणांची वेगळी बटणं नव्हती. आकड्यांच्याच गटाला बाणांचंही काम करावं लागे, आणि कुठलं काम हवं ते नमलॉक ठरवत असे. पुढे बाणांना स्वतंत्र जागा मिळाली, पण नमलॉक राहिलं ते राहिलंच. आपल्याला कॉम्प्युटर कळत नाही असं इथे कोणी समजू नये. ही त्यांची जुनी अडचण आहे, आपण ती निस्तरतोय.

नमलॉकचा दिवा लागलाय, तरी आकडा येत नाही आणि पडद्यावरचा माउसचा बाणच सरकतो? मग 'माउस कीज' नावाची सोय चालू झालेली असते. ज्यांना हाताने माउस धरता येत नाही त्यांच्यासाठी ती विंडोजमध्ये ठेवलेली आहे. डावीकडचं आल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबलं की ती चालू होते, तशीच बंदही होते. केंद्रात कोणी ती मुद्दाम वापरत असेल तर तिचं काम झाल्यावरच बंद करा.

छोट्या लॅपटॉपवर याच्या उलट घोटाळा होतो. उजवीकडे गटाला जागा नसते, म्हणून काही जुन्या लॅपटॉपवर जे, के, एल, यू, आय, ओ, एम या इंग्रजी अक्षरांच्याच बटणांवर आकडे बसवलेले असतात. नमलॉक चालू राहिलं की नाव लिहिताना मध्येच आकडे उमटतात. एफएन आणि नमलॉक एकत्र दाबून ते बंद करायचं. देणगीतून आलेले जुने लॅपटॉप आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून हे लक्षात ठेवा.

आता वरची रांग. १ च्या जागी उद्गारचिन्ह आणि २ च्या जागी ईमेलमधलं ॲटचं चिन्ह येत असेल, तर शिफ्टचं बटण खाली अडकलंय. बोटाने दोन्हीकडची शिफ्ट दोन-चारदा दाबून मोकळी करा. बटण बराच वेळ दाबून धरल्याशिवाय काहीच उमटत नसेल, तर 'फिल्टर कीज' चालू झालंय. उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की ते सुरू होतं. विचार करता करता हात तिथे टेकून राहिला तरी पुरतं. ते सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन बंद करायचं.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक. कीबोर्डची भाषा मराठीवर असेल तर काही मांडण्यांत आकडेही देवनागरी उमटतात. आपल्या डोळ्यांना देवनागरी १ आणि इंग्रजी १ एकच, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं आहेत. पुष्कळ अर्जांच्या चौकटी फक्त इंग्रजी आकडे घेतात आणि देवनागरी आले की गप्प बसतात किंवा 'चुकीचा क्रमांक' म्हणतात. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की भाषा बदलते. इंग्रजी करा आणि पुन्हा लिहा.

एवढं करूनही आकडे येत नसतील तर मग यंत्राकडे वळायचं. यूएसबीची वायर काढून दुसऱ्या भोकात लावा. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा. शेजारून दुसरा कीबोर्ड मागून जोडून बघा. तो चाललात तर दोष पहिल्या कीबोर्डचा, नाही चालला तर कॉम्प्युटरचा. धूळ असेल तर वायर काढून कीबोर्ड उलटा धरा, हलकेच ठोका, कोरड्या ब्रशने झाडा. आपण खाडीकाठचे, समुद्रकाठचे लोक. अर्नाळा, नायगाव, पाचूबंदरकडे घरातलं लोखंड कसं गंजतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कीबोर्ड रात्री झाकून ठेवा, खिडकीपासून लांब ठेवा. चहा सांडला तर आधी वीज बंद, मग कीबोर्ड उलटा, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

एक-दोन आकडे आणि त्यांच्याबरोबर दोन-चार अक्षरं एकदमच मेली असतील, तर बहुधा आतली तार तुटलेली असते. बटणं आत आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात, त्यामुळे एक तार तुटली की तिच्यावरची सगळी बटणं जातात. साध्या कीबोर्डची ही दुरुस्ती परवडत नाही. नवा काही शे रुपयांत येतो. लॅपटॉपचा असेल तर तो न उघडता बाहेरून कीबोर्ड जोडला तरी काम चालतं.

पण समोर बाई बसलीय आणि ओटीपी आलाय, तेव्हा काय करायचं? विंडोजचं बटण, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा. पडद्यावरच कीबोर्ड येतो. माउसने एकेक आकडा टिपायचा. हळू होतं, पण होतं, आणि बाईला खुर्चीवरून उठून दुकानात जावं लागत नाही. आज दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे लिहून घ्या.

आता आकडे चुकण्याबद्दल. मोबाइलवर १-२-३ वरच्या ओळीत असतात. कीबोर्डच्या उजव्या गटात वर ७-८-९ असतात, कॅल्क्युलेटरसारखे. मोबाइलची सवय झालेली बाई नजर न टाकता दाबते आणि १ च्या जागी ७ पडतो. त्या गटातल्या ५ वर बोटाला लागेल अशी बारीक खूण असते, तिथून मोजायला शिकवा. दुसरं, शून्य आणि इंग्रजी ओ. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये ११ चिन्हं असतात. पहिली चार अक्षरं, आणि पाचवं नेहमी शून्य, कधीच ओ नाही. आधारच्या १२ आकड्यांतला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे तिथे एखादा आकडा चुकला तर यंत्र अडवतं. खातेक्रमांकात तशी खात्री धरू नका. तो पासबुकावर बोट ठेवून दोनदा वाचायचा, आणि बाईकडूनच वाचून घ्यायचा.

इथे मला मुख्य मुद्दा मांडायचा आहे. आपण म्हणतो, बायका शिकलेल्या नाहीत, त्यांना कॉम्प्युटर कसा जमणार? पण ज्या बाईला अक्षर येत नाही तिला आकडा येतो. अर्नाळ्याची मासेवाली पाटी संपेपर्यंत हिशेब तोंडी ठेवते. पहाटेच्या विरार लोकलने घरकामाला जाणारी बाई गाडीची वेळ, मजल्याचा आकडा, पगारातून कापलेल्या खाड्यांचे पैसे सगळं जाणते. मग कीबोर्डची ओळख ए-बी-सी-डीपासून कशाला? आकड्यांपासून करा. स्वतःचा मोबाइल नंबर तिने स्वतःच्या बोटाने पडद्यावर उमटवला की भीती निम्मी जाते.

आणि आकडा ज्याच्या हातात, त्याच्या हातात निर्णय. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे महिन्याला १५०० रुपये २०२४ पासून सुरू झाले तेव्हा किती घरांतून बाईचं आधार आणि मोबाइल दुसऱ्याच कोणाच्या खिशात होतं ते आपण पाहिलं. २०२५ मध्ये त्याच योजनेची ई-केवायसी आली आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. टाकलेल्या बाईने, वडील वारलेल्या बाईने तो कुठून आणायचा? हा प्रश्न कीबोर्डने सुटणारा नाही, त्यासाठी सरकारशीच भांडावं लागतं. पण जे आकडे बाईचे स्वतःचे आहेत ते तरी तिच्या हातून, तिच्या डोळ्यांदेखत भरले जावेत, एवढं आपल्या केंद्रात आपण नक्की करू शकतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. प्रत्येक केंद्रात किमान दोघींना ही तपासणी यायला हवी. एकीलाच आली तर ती रजेवर असेल त्या दिवशी आपण पुन्हा दुकानाच्या रांगेत. दुसरी, तपासणीचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून कॉम्प्युटरशेजारी लावा: कुठले आकडे, नमलॉक, शिफ्ट, भाषा, वायर, दुसरा कीबोर्ड, पडद्यावरचा कीबोर्ड. तिसरी, नियम करा की ओटीपी आणि आधार क्रमांक केंद्रात कोणी मोठ्याने विचारणार नाही. बाई स्वतः दाबेल, नाहीतर कागदावर लिहून दाखवेल, आणि तो कागद तिच्यासमोर फाडला जाईल. ओटीपी देऊन कोणी फसवलंच असेल तर लगेच १९३० वर फोन करायचा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी तो देशभराचा क्रमांक आहे. घरात मारहाण होत असेल तर १८१ आणि ११२ हे क्रमांक प्रत्येकीला पाठ हवेत.

बाहेरच्या खोलीत चार कीबोर्ड ठेवले आहेत. त्यातला प्रत्येक मी वेगवेगळ्या तऱ्हेने अडवून ठेवलाय. चहा पिऊन या, पण कप बाहेर ठेवून या. दोघी-दोघींनी बसा आणि आकडे चालू करून दाखवा.