वस्त्रखरेदीचा विवेक



या व्यासपीठावर इतिहास, तत्त्वज्ञान, राज्यकारण असे भारदस्त विषय येतात. त्यांच्या पंगतीत साडी-सदऱ्याला पाट कशाला, असे कोणी विचारले तर नवल नाही. पण महाराष्ट्राने कापडाचा प्रश्न कधीच किरकोळ मानलेला नाही. १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापड वाहणाऱ्या लॉरीपुढे बाबू गेनू आडवा झाला आणि तिच्या चाकाखाली त्याने प्राण दिला. हा बाबू गेनू कापडगिरणीतलाच मजूर होता, हे विसरून चालणार नाही.

त्या पिढीने दुकानदाराला विचारले, "हे कापड कोठून आले?" त्या काळी तो प्रश्न पुरेसा होता. आज त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारावा लागेल, "हे कापड कसे तयार झाले?" कारण कापड स्वदेशी असले म्हणजे ते निर्दोष असतेच असे नाही. आजच्या व्याख्यानात आम्हांला सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे: कपड्याला लावलेल्या चिठ्ठीवर जी किंमत छापलेली असते ती त्याची सगळी किंमत नव्हे. उरलेली किंमत कोणीतरी दुसरे भरत असते आणि त्याचे नाव पावतीवर नसते. ती कोण भरते, याचा माग शेतापासून काढू.

आपल्या विदर्भातला कापूस बहुतांशी पावसाच्या पाण्यावर येतो. त्यामुळे पाटाच्या पाण्याचा हिशेब येथे फारसा लागू पडत नाही. पण फवारणीचा हिशेब लागू पडतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. त्यांतले वीसहून अधिक जण दगावले. हातमोजे नाहीत, तोंडावर धड आच्छादन नाही, आणि पाठीवर विषाचा पंप, अशा स्थितीत ती माणसे काम करीत होती. आपल्या अंगावरचा पांढरा शुभ्र सदरा अशाही शेतातून आलेला असू शकतो.

शेतातून रंगशाळेत या. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे बनियन आणि विणीच्या कपड्यांचे मोठे केंद्र. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते. रंगणी झाली की ते खारट, रंगीत पाणी उरते. वर्षानुवर्षे ते पाणी नोय्यल नदीत गेले. त्या नदीवर ओरत्तुपाळयम येथे १९९२ साली शेतीसाठी धरण बांधून झाले. पण त्यात साठले ते मुख्यतः रंगशाळांचे सांडपाणी! ज्यांच्या भिजवणीसाठी धरण बांधले तेच शेतकरी त्या पाण्यामुळे जमिनी नापीक झाल्याची तक्रार घेऊन न्यायालयात गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील सातशेहून अधिक रंगशाळा बंद करण्याचा हुकूम दिला. सांडपाण्याचा थेंबही नदीत सोडणार नाही अशी व्यवस्था झाली तरच त्या उघडाव्यात, अशी अट घातली. पुढे पाणी आणि मीठ वेगळे काढून पुन्हा वापरणारी शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. म्हणजे उपाय ठाऊक नव्हता असे नव्हे. त्याचा खर्च तोवर नदीच्या खात्यावर टाकला जात होता, इतकेच.

तिसरा मुक्काम शिवणखान्याचा. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. तीत तयार कपड्यांचे पाच कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना मोठे तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या नोकरांना घरी पाठविले. शिलाई करणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर यावयास लावले. ११३० हून अधिक माणसे गेली, त्यांत बायका अधिक होत्या. पाश्चात्त्य देशांतल्या दुकानांची मागणी वेळेवर पुरवावयाची, ही त्या घाईमागची मोठी निकड होती.

आता आपण विचाराल, मग सामान्य गृहस्थाने करावयाचे काय? महिन्याची तोंडमिळवणी करता करता ज्यांचा जीव मेटाकुटीस येतो त्यांनी दामदुप्पट दराचे 'शुद्ध' कापड घ्यावे असा उपदेश आम्ही करणार नाही. तो उपदेश सोपा आहे आणि निरुपयोगीही आहे. आम्हांस सुचते ते असे.

पहिली गोष्ट, कापड ओळखावयास शिकावे. आज जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक धागा पॉलिएस्टरचा, म्हणजे खनिज तेलापासून केलेला असतो. तो लवकर वाळतो आणि टिकतोही, हे खरे. पण प्रत्येक धुण्यात त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटून पाण्यात जातात आणि ते कुजत नाहीत. सूत की पॉलिएस्टर अशी शंका आली तर शिवणीच्या आतले दोन दोरे काढून जपून जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गोळी होते. 'बांबूचे कापड' या गोड नावालाही भुलू नये. बहुधा तो बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला व्हिस्कोसचा धागा असतो. त्या कामात लागणारे कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या प्रकृतीस घातक आहे.

दुसरी गोष्ट, छाप पाहावा, पण छापावर आंधळा विश्वास ठेवू नये. खऱ्या हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून 'हँडलूम मार्क' आहे. २०१९-२० च्या गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख लोक हातमागाच्या कामात आहेत. यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकले जाते तेव्हा यांच्या पोटावर पाय येतो. सेंद्रिय कापडासाठी 'गॉट्स' नावाचा आंतरराष्ट्रीय छाप आहे. त्यात निदान ७० टक्के धागा सेंद्रिय असावा लागतो. शिवाय सांडपाणी आणि कामगारांची वागणूक यांबद्दलही अटी असतात. पण २०२० साली या संस्थेलाच भारतात सुमारे २० हजार टन कापसाची खोटी प्रमाणपत्रे सापडली. म्हणून छाप टाकाऊ ठरतो असे नाही. ज्या छापामागे तपासणी आहे आणि जो आपली फसवणूक झाल्याचे जाहीर करतो, तो नुसत्या 'निसर्गस्नेही' या शब्दापेक्षा बरा. हा शब्द तर कोणीही छापू शकतो.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिला एक पैसाही जादा लागत नाही. कपडे मोजके घ्यावेत आणि पुष्कळ दिवस वापरावेत. एक सदरा दोन वर्षांऐवजी चार वर्षे वापरला, तर त्यामागचे पाणी, विष, मीठ आणि श्रम वर्षाकाठी निम्म्यावर येतात. हे गणित कोणत्याही छापाहून भरवशाचे आहे. घेताना शिवण उलटून पाहावी, आत सोडलेली माया पाहावी, गुंडी पक्की आहे का ते पाहावे. उसवले तर टीप घालावी, फाटले तर रफू करावे. आपल्या घरांतून थोरल्याचा सदरा धाकट्याला होई, जुन्या लुगड्यांची गोधडी होई, आणि उरलेसुरले बोहारणीकडे जाऊन भांडे घरात येई. त्या काटकसरीमागे टंचाई होती आणि घरच्या बायकांचे न मोजलेले कष्ट होते. तेव्हा त्या काळाचे गोडवे गाण्याची गरज नाही. पण कापड ही टाकावयाची वस्तू नव्हे, ही त्या घरांची समजूत मात्र खरी होती. आणि सुईदोरा हाती धरावयास आता घरातल्या पुरुषांनीही शिकावे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आपण कमी कपडे घेतले तर शिवणाऱ्यांची रोजीरोटी जाईल. ही भीती खोटी नाही. तिरुप्पूरच्या रंगशाळा बंद झाल्या तेव्हा हजारो मजुरांचे काम गेले. पण मजुराचे पोट भरावे म्हणून त्याला तडे गेलेल्या इमारतीत बसवावे, असे कोणी म्हणणार नाही. टिकाऊ कपड्याला अधिक काम लागते आणि त्याचे दामही अधिक द्यावे लागते. दहा स्वस्त कपड्यांच्या पैशांत चार चांगले घेतले आणि वाढीव दामातला वाटा मजुरापर्यंत पोहोचला, तर त्याचे नुकसान व्हावयास नको. तो वाटा पोहोचतो की नाही, हे मात्र आपण विचारीत राहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा, की एकट्यादुकट्याच्या खरेदीने काय होणार? एकट्याने फारसे होत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण उझबेकिस्तानचे उदाहरण पाहा. तेथे कापूस वेचण्यासाठी विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर यांना सरकार सक्तीने शेतात पाठवीत असे. तेथल्या धीट नागरिकांनी हे जगापुढे आणले आणि तीनशेहून अधिक कंपन्यांनी तो कापूस वापरणार नाही असे लिहून दिले. सरकारी सक्तीची ती पद्धत मोडली, आणि मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला. राणा प्लाझानंतरही दोनशेहून अधिक कंपन्यांना इमारतींच्या सुरक्षिततेचा बंधनकारक करार करावा लागला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणीकामगारांना एकत्र आणले, तेव्हा कोठे १८९० साली त्यांना रविवारची सुटी मिळाली. गिऱ्हाइकाचा नकार, कामगाराची संघटना आणि कायद्याचा बडगा ही तिन्ही एकत्र आली म्हणजे काम होते. त्यांतले पहिले तेवढे आपल्या हाती आहे. बाकीच्या दोहोंना बळ देणे हे मतदार म्हणून आपले काम आहे.

तेव्हा या दिवाळीला, लग्नसराईला दुकानाची पायरी चढाल तेव्हा दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: हे सूत आहे का, विणले कोठे, शिवले कोणी? त्याला उत्तर ठाऊक नसेल. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले म्हणजे तो घाऊक व्यापाऱ्याला विचारील, आणि व्यापाऱ्याला कारखानदाराकडे चौकशी करावी लागेल. तोवर घरच्या कपाटात जे आहे ते नीट वापरा.