गोठलेल्या तळ्यावरची विमानं
(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला, "तिकडचं काहीतरी वेगळं बोल. दहा मिनिटं. नोकरीबद्दल नको." बरं झालं, नाहीतर मागच्या बाकावरची मंडळी एव्हाना चहाला उठली असती. तेव्हा छंदाबद्दल सांगतो. मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो आणि रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवतो. उन्हाळ्यात उडवतोच, पण माझा खरा हंगाम जानेवारीचा. उणे पंधरा-वीस अंश तापमान आणि गोठलेलं तळं. शेजारच्या खुर्चीवरून मघाशीच प्रश्न आला, "घरचे काही म्हणत नाहीत?" म्हणतात.

हे ड्रोन नव्हे. पंख, शेपटी, पुढे पंखा असं रीतसर विमान, पंखांची लांबी दीड मीटरच्या आसपास. हातात ट्रान्समीटरची पेटी आणि तिच्यावर दोन दांड्या. संक्रांतीला आपण पतंग उडवायचो तेव्हा पतंगाला काय झालंय ते मांजातून बोटांना कळायचं. इथे मांजाच नाही. विमान येतंय की जातंय, सरळ आहे की उलटं, सगळं डोळ्यांनीच ओळखायचं. वर ढगाळ पांढरं आभाळ, खाली पांढरा बर्फ. पांढरं विमान त्यात क्षणात हरवतं. म्हणून हिवाळ्यातली विमानं आम्ही नारिंगी-काळी रंगवतो. अगदी भडक. पोटाची बाजू वेगळी, पाठीची वेगळी.

आता थोडं विज्ञान. बाई समोर बसल्या आहेत, चुकलं तर थांबवतील. ओहमचा नियम आपण फळ्यावर शंभरदा लिहिला. रोध बॅटरीच्या आतही असतो, आणि थंडीत तो वाढतो, कारण आतले आयन मंदावतात. माझी बॅटरी तीन घटांची लिथियम पॉलिमर, पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट. उन्हाळ्यात तिच्यावर विमान आठ-नऊ मिनिटं आरामात फिरतं. तीच बॅटरी गारठलेली लावली, की मोटारीने जोरात प्रवाह मागताच व्होल्ट धाडकन खाली येतात. मग मोटारीचा नियंत्रक बॅटरी वाचवायला मोटार बंद करतो. सुकाणू चालू राहतात, पण आता हातात विमान नाही, तरंगत खाली येणारा ग्लायडर आहे.

उपाय अगदी घरगुती. पेयं गार ठेवायचा डबा असतो ना, त्यात आम्ही बॅटऱ्या गरम ठेवतो. सोबत गरम पाण्याची पिशवी, आपली कंबर शेकायची, टॉवेलात गुंडाळून. उड्डाणाआधी बॅटरी हाताला कोमट लागली पाहिजे. आणि शून्याखाली असलेली बॅटरी कधीही चार्जिंगला लावायची नाही. आत लिथियम धातूचा थर साचतो, बॅटरी कायमची बिघडते आणि पुढे पेटूही शकते. नवा माणूस तळ्यावर आला की त्याला आम्ही आधी हे सांगतो, नाव मागून विचारतो.

गंमत म्हणजे हीच थंडी पंखांना मदत करते. ३० अंशांना घनमीटरभर हवेचं वजन सुमारे १.१६ किलो भरतं, उणे २० ला जवळजवळ १.४ किलो. हवा वीस टक्के दाट झाली की विमान कमी वेगातही तरंगतं, उतरताना हलकं वाटतं. पण त्याच दाट हवेत पंखा फिरवायला मोटारीला जास्त जोर लागतो, म्हणजे बॅटरीवर दुहेरी भार. म्हणून मी हिवाळ्यात एक इंच लहान पंखा लावतो. राइट बंधूंचं पहिलं उड्डाणही १७ डिसेंबर १९०३ चं. त्या सकाळी किटी हॉकला डबकी गोठली होती आणि मंडळी मधूनमधून शेकोटीशी हात शेकायला आत जात होती. आपल्या पुस्तकात बारा सेकंद होते, हात शेकणं नव्हतं.

हातांचं दुखणं मोठं आहे. जाड मोजे घातले तर दांड्या कळत नाहीत, काढले तर पाच मिनिटांत बोटं बधिर. तंबोऱ्याला गवसणी घालतात तशी आम्ही अख्ख्या ट्रान्समीटरला कापडी गवसणी घालतो. वर पारदर्शक खिडकी, दोन्ही बाजूंनी हात आत. चाकांच्या जागी पट्ट्यांच्या स्की. घरी परतल्यावर विमान लगेच उबेत आणायचं नाही, नाहीतर चष्म्यावर धरतं तसं दव आतल्या यंत्रांवर धरतं.

आणि तळं. मिनेसोटात सांगतात, पायी जायला निदान चार इंच नवा, नितळ बर्फ हवा. पांढरट बर्फ असेल तर दुप्पट. आम्ही गिरमिटाने भोक पाडून मोजतो, एका जागी नाही, चार जागी. ओढा तळ्याला मिळतो तिथे खाली पाणी वाहत असतं आणि बर्फ पातळ राहतो. वरून सगळं सारखंच दिसतं.

आमच्यात एक ७९ वर्षांचे निवृत्त शेतकरी आहेत. एकटे राहतात. तसे रविवारी येणारे बरेचजण एकटेच आहेत. कोणी दोन रविवार दिसलं नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारात जाऊन येतं. या आजोबांचं लाल विमान बाल्साच्या लाकडाचं होतं. त्यावरचं प्लास्टिकचं आवरण त्यांच्या बायकोने इस्त्रीने बसवलं होतं. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. गेल्या फेब्रुवारीत हवेत त्यांची जुनी बॅटरी बसली. मोटार थांबली. त्यांनी विमान इतकं सुरेख उतरवलं की टाळ्या पडल्या. पण उतरलं ते ओढ्याच्या तोंडापाशी, दोनशे मीटरवर.

ते दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. एक तरुण म्हणाला, मी हलका आहे, पोटावर सरपटत जातो. आजोबांनी त्याचा दंड धरला आणि अंधार पडेपर्यंत सोडलाच नाही, असं म्हटलं तरी चालेल. सगळे आपापल्या गाडीत बसल्याची खात्री करून मगच ते निघाले. त्या रात्री बर्फ पडला आणि लाल रंग दिसेनासा झाला. एप्रिलमध्ये तळं मोकळं झालं तेव्हा काठाच्या लव्हाळ्यात एक पंख सापडला, आवरणासकट. तो त्यांनी गॅरेजात टांगलाय. नवं विमान बांधायला घेतलंय. आवरण बसवायला मला बोलावलंय, कारण माझी इस्त्री बरी आहे. ती वसतिगृहात शिकलो, आपल्यापैकी चौघांना माहीत आहे.

येताना बाल्साचा एक छोटा ग्लायडर आणलाय. मोटार नाही, बॅटरी नाही, हाताने सोडायचा. बाहेर व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवलाय. जेवणाला अजून अर्धा तास आहे आणि मैदानावर आत्ता वारा नाही. सर, पहिला तुम्ही सोडा.