घंटेचा रुपया आणि बिननावाचा रुपया
(महोत्सवप्रसंगी आंबवडे येथे केलेले भाषण)



महोत्सवानिमित्त आलेल्या देणग्यांची यादी मी वाचली. घंटेसाठी इतके, वेदीसाठी इतके, दारावरील संगमरवरी पाटीसाठी इतके. आपल्या औदार्याविषयी मला शंका नाही. परंतु आजाऱ्यास अपरात्री भोरास नेण्याचे गाडीभाडे, विजेचे बिल, पोरक्या मुलांची पुस्तके, यांपुढील रकाना कोराच आहे.

अट घालून दान देणे गैर आहे काय? मुळीच नाही. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली अण्णासाहेब कर्वे यांच्या महिला विद्यापीठास पंधरा लक्ष रुपये देऊ केले, तेव्हा विद्यापीठास आपल्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव द्यावे ही एक अट होती. त्या नावाने मुलींच्या शिक्षणास बाध आला नाही. पण प्रत्येक अट अशी निरुपद्रवी नसते. धर्मसभेच्या १९८३ च्या कायद्यातील १२६७ व्या कलमान्वये, विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूस लावावे लागते. अर्थात घंटेचा रुपया मला औषधास लावता येत नाही, मग दारी कोणी तापाने फणफणत का असेना! आणि हा नियम योग्यच आहे. दात्याचा शब्द मोडणारा पुरोहित उद्या गरिबाचाही मोडील.

आता आपल्याच पुणे जिल्ह्यातील उदाहरण घ्या. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. देणाराने एक पैसा द्यावा. स्वदेशी उद्योगधंद्यास साह्य, एवढाच मोघम हेतू. माझ्या पैशाचे अमुकच करा, असे पैशाचा धनी कोठे म्हणणार? लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला, आणि तेथे शिकलेले कारागीर पुढे अन्यत्रही गेले. मंदिरातील पेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेनेही त्यांवर चिठी चिकटविली नव्हती.

कोणी म्हणेल, “फादर, मोकळा पैसा म्हणजे मोकळे रान.” ही भीती निराधार नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली, तीही अशाच अविश्वासापोटी. मात्र हिशेब लिहिणाराचा पगार हा उधळपट्टीत मोडतो, हे मला पटत नाही. तो नसेल तर हिशेब मागावयाचा कोणाकडे? आपल्या गावचा झुलता पूल पाहा. पूल बांधणाराचे नाव लोक घेतात. त्याची देखभाल करणाराचे कोण घेतो? तरीही आपण रोज त्याच्याच भरवशावर पाऊल टाकतो.

म्हणून माझी विनंती इतकीच. घंटेसाठी द्या, पण त्यातील काही भाग बिननावाचा ठेवा. त्यासाठी देवळाच्या डाव्या हातास निराळी पेटी ठेविली आहे. तिला दोन कुलुपे असून एक किल्ली पंचांकडे राहील. दर तीन महिन्यांनी रविवारच्या मिस्सानंतर पै न् पैचा हिशेब मोठ्याने वाचला जाईल, व ज्यास शंका असेल त्याने तेथेच उभे राहून विचारावे.