सिल्हेट, जमैका आणि लंडनचा पगार



२०२१ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये जनगणना झाली. सुमारे ६ लाख ४५ हजार लोकांनी आपलं मूळ बांगलादेशी असल्याचं नोंदवलं आणि सुमारे ६ लाख २३ हजारांनी कृष्णवर्णीय कॅरिबियन असल्याचं. दुसऱ्या आकड्यात बार्बाडोस, त्रिनिदाद अशा बेटांवरची माणसंही आहेत, पण त्यांतला सर्वांत मोठा गट जमैकाचा. संख्येनं हे दोन समाज जवळजवळ सारखे. दोघंही एकाच साम्राज्याची प्रजा. दोघांनीही वर्णद्वेष सोसला आणि दोघांचीही मोठी वस्ती लंडनमध्ये. तरीही कमाई, घर, शाळा, बायकांची नोकरी यांचे तक्ते समोर ठेवले, तर एका तक्त्यात जमैकन वर दिसतात आणि दुसऱ्यात बांगलादेशी.

असं का होतं, याचं एक तयार उत्तर सगळीकडे ऐकू येतं. अमुक लोक मुळातच कष्टाळू, तमुक लोक उधळे. आपल्याकडेही ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्य पिढ्यानपिढ्या चाललं आहे, आणि ते म्हणणारा कापड गिरण्यांचा इतिहास कधी उघडत नाही. मला हे उत्तर मान्य नाही. माणसं कोणत्या साली उतरली, त्या वेळी कोणतं काम त्यांची वाट पाहत होतं आणि घरात कमावणारे हात किती होते, हे तपासलं की स्वभावाकडे बोट दाखवायची वेळ फारशी येत नाही. आज मी तेवढंच मांडणार आहे.

जमैकापासून सुरुवात करू. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ ही बोट लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतारू उतरवू लागली. भाडं होतं अठ्ठावीस पौंडांच्या आसपास. उतारूंमध्ये निम्म्याहून अधिक जमैकाचे, आणि त्यांत युद्धात ब्रिटिश हवाई दलात राबलेले बरेच तरुण. ज्यांची राहण्याची सोय नव्हती, त्यांना क्लॅपहॅम साउथ इथल्या जमिनीखालच्या खोल बॉम्बनिवाऱ्यात ठेवलं. तिथून सर्वांत जवळची रोजगार कचेरी ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर होती. माणसं तिथं गेली, नोकरी मिळाली आणि आसपासच खोली शोधली. ब्रिक्स्टनची जमैकन वस्ती अशी एका कचेरीच्या पत्त्यावरून सुरू झाली.

ही बोट आली त्यानंतर पंधरवड्याच्या आत, ५ जुलैला, ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. रुग्णालयांना परिचारिका हव्या होत्या, बसगाड्यांना कंडक्टर हवे होते, पोस्टाला टपाल वाटणारे हवे होते. १९५२ मध्ये अमेरिकेनं कायदा करून कॅरिबियन वसाहतींमधून येणाऱ्यांची संख्या अगदी तुटपुंजी केली, तेव्हा जमैकाच्या तरुणांसाठी लंडन हाच मोठा रस्ता उरला. १९५६ मध्ये लंडन ट्रान्सपोर्टनं थेट बार्बाडोसमध्ये भरती सुरू केली आणि पुढे जमैकातही. या नोकऱ्या साध्या होत्या, पण त्यांत ठरलेला पगार होता, कामगार संघटना होती आणि शेवटी पेन्शन होतं. विंडरशवरून आलेले सॅम किंग पोस्टात लागले, चौतीस वर्षं नोकरी केली आणि १९८३ मध्ये लंडनमधल्या साउथवर्कचे महापौर झाले.

पण या नोकऱ्यांच्या दाराची चौकटही बुटकी होती. परिचारिकेच्या शिक्षणाचे दोन मार्ग होते. तीन वर्षांच्या मार्गानं गेलं, की सिस्टर, मेट्रन अशी बढती मिळे. दोन वर्षांचा मार्ग तिथंच थांबे. कॅरिबियन मुलींना मोठ्या प्रमाणात दोन वर्षांच्या मार्गाला लावलं गेलं. त्या पात्रतेला मायदेशातही फारशी किंमत नव्हती. वीस-पंचवीस वर्षं रात्रपाळ्या करूनही बायका त्याच श्रेणीत निवृत्त झाल्या. ब्रिस्टलमध्ये तर बस कंपनी काळ्या कर्मचाऱ्यांना गाडीवर घेतच नव्हती. १९६३ मध्ये तिथल्या कॅरिबियन तरुणांनी चार महिने बहिष्कार चालवला आणि मग तो नियम मोडला.

घराची कथा याहून कठीण. घरमालक दाराशी पाट्या लावून काळ्यांना नकार देत. खोली मिळाली तर भाडं दुप्पट. कर्ज देणाऱ्या संस्था हात आखडता घेत. मग जमैकन मंडळींनी गावाकडची पद्धत काढली, तिचं नाव ‘पार्डनर’. आपल्याकडे गृहिणी आणि दुकानदार जी भिशी लावतात, तीच ही. समजा वीस जण आठवड्याला दोन-दोन पौंड टाकतात. रक्कम एका विश्वासू माणसाकडे, बहुतेक वेळा एखाद्या वडीलधाऱ्या बाईकडे, जमा होते. तिला ‘बँकर’ म्हणायचं. दर आठवड्याला एकाच्या हाती चाळीस पौंडांचा गठ्ठा पडतो. कागद नाही, व्याज नाही, तारण नाही. चुकवलं तर चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा नाही. या पैशातून घराची पहिली रक्कम भरली गेली. ब्रिक्स्टन त्या वेळी पडझडीचा भाग होता, त्यामुळे घरं स्वस्त होती. खालच्या मजल्यावर कुटुंब, वरच्या खोल्यांत नुकते आलेले भाडेकरू, आणि त्या भाड्यातून हप्ता. पन्नास वर्षांनी त्याच घरांची किंमत आकाशाला भिडली. काही मालक घर विकून जमैकात मॅंडेविलसारख्या डोंगराळ गावी निवृत्तीला परतले.

आता बांगलादेशातलं सिल्हेट. ब्रिटनमधले बहुतेक बांगलादेशी या एकाच भागातून आले आहेत, आणि याचं कारण जहाजं. कलकत्त्याहून निघणाऱ्या आगबोटींच्या इंजिनखोलीत कोळसा लोटायला माणसं लागत. भरती करायचा तो सारंग. सारंग सिल्हेटचा असला की तो आपल्या गावातली, आपल्या नात्यातली पोरं घेई. आपल्या मुंबई बंदरातही हेच चाले. कोकणातली माणसं डेकवर आणि गोव्याची माणसं खानपान विभागात, अशा पिढ्या गेल्या. सिल्हेटचे काही खलाशी लंडनला बोट सोडून राहिले. युद्धानंतर त्यांनी पडक्या वस्तीतले कॅफे घेतले आणि तिथून ती उपाहारगृहं उभी राहिली, ज्यांना इंग्लंड आजही ‘इंडियन’ म्हणून ओळखतं. आत शिजवणारे मात्र सिल्हेटचे.

हे लोक गावातले सर्वांत गरीब नव्हते. बहुतेकांची स्वतःची थोडी शेती होती. ब्रिटनमध्ये येण्यासाठी १९६२ च्या कायद्यानं परवाना लागू होण्याच्या आधी आणि नंतरच्या काही वर्षांत तरुण पुरुष एकटे आले. बर्मिंगहॅमच्या ओतशाळांत आणि उत्तरेकडच्या सूतगिरण्यांत त्यांनी पाळ्या केल्या, एका खोलीत आळीपाळीनं झोपले आणि पैसा गावी पाठवला. त्या पैशातून सिल्हेटमध्ये पक्की घरं झाली, जमिनी झाल्या. अशा कुटुंबाला गावात ‘लंडनी’ म्हणत. माझ्या मते दोन समाजांतला पहिला खरा फरक इथं पडला. जमैकन कुटुंबाची बचत ब्रिक्स्टनच्या विटांत गेली, सिल्हेटच्या माणसाची बचत सिल्हेटच्याच विटांत. त्याचा विचार बरोबरच होता, कारण बायको-मुलं तिथं होती आणि त्याला परत जायचं होतं.

परत जाणं झालं नाही. १९७१ चं युद्ध झालं आणि इमिग्रेशनचे नियम आवळत गेले. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, ही भीती खरी होती. म्हणून कुटुंबं आणली गेली, मुख्यतः सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीत. साल लक्षात घ्या. जमैकन आले तेव्हा माणसांची चणचण होती. बांगलादेशी कुटुंबं उतरली तेव्हा गिरण्या बंद पडत होत्या, १९८१ पर्यंत लंडनच्या आतल्या गोद्या बंद झाल्या आणि १९८२ मध्ये ब्रिटनमधले बेकार तीस लाखांवर गेले. कामासाठी उरलं काय? लंडनच्या ईस्ट एंडमधले तळघरातले शिवणकारखाने आणि उपाहारगृहं. दुपारी दोन-अडीच तास आणि पुन्हा संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत, अशी तुटक पाळी. पगार मालकाच्या मर्जीवर, आणि मालक बहुतेक वेळा गावचाच. संघटना नाही, पेन्शन नाही, वेटरच्या वर चढायची पायरी नाही. पुढची पायरी म्हणजे स्वतःचं उपाहारगृह, आणि त्यासाठी भांडवल हवं.

बायकांचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा घेतो. जमैकन बाई पहिल्या दिवसापासून पगारावर. बांगलादेशी बायकांचं नोकरीतलं प्रमाण ब्रिटनमध्ये दीर्घकाळ सर्वांत कमी गटांत राहिलं. लगेच उत्तर येतं, धर्म आणि पडदा. अर्थशास्त्रज्ञ नैला कबीर यांचं ‘द पॉवर टू चूज’ हे पुस्तक २०००च्या सुमारास आलं. त्यात ढाका आणि लंडन इथल्या शिवणकाम करणाऱ्या बांगलादेशी बायकांची तुलना आहे. पडदा पाळणाऱ्या देशात, ढाक्यात, हजारो तरुणी रोज रस्त्यावरून चालत कारखान्यात जात होत्या. मोकळ्या समजल्या जाणाऱ्या लंडनमध्ये मात्र बायका घरातच मशीनवर नगावर शिवत बसल्या होत्या. ढाक्यात निर्यातीच्या कारखान्यांना मुलीच हव्या होत्या. लंडनमध्ये कारखान्यांतल्या खुर्च्या पुरुषांनी धरलेल्या, बाहेर हल्ल्यांची भीती, आणि चाळीसारख्या दाट वस्तीत गावातल्याच माणसांची नजर. शिवाय घरी शिवलेल्या नगाची नोंद कुठेच नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून हे पुस्तक मला फार मोलाचं वाटतं. समाज एकच, पण शहर बदललं की बाईच्या कामाचं रूप उलटंपालटं झालं.

आता गरिबीचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. सरकार गरिबी कुटुंबाच्या उत्पन्नावर मोजतं. एक वेटर किंवा टॅक्सीचालक, त्याची बायको, चार मुलं आणि म्हातारे आईवडील, असा संसार एका पगारावर चालला, तर ते घर गरिबीत जाणारच. म्हणून घरभाडं वजा केल्यावर बांगलादेशी मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं गरिबीत मोजली जातात. जमैकन घरांत मुलं कमी, पण एकट्या आईनं चालवलेली घरं बरीच. तिथं पगार आहे, पण तो एकच आहे, आणि पाळणाघराचे पैसे भागवून हाती फार उरत नाही. दोन्ही ठिकाणी गरिबी आहे, पण उपाय वेगळे लागतील. एकाला घरात दुसरा पगार हवा आणि दुसरीला परवडणारं पाळणाघर.

ईस्ट एंडमधल्या टॉवर हॅम्लेट्स या विभागात एक तृतीयांशाहून जास्त लोक बांगलादेशी मुळाचे आहेत. याच विभागात, बंद पडलेल्या गोदीच्या जागेवर, १९९१ मध्ये कॅनरी व्हार्फचा उंच मनोरा पुरा झाला. मोठ्या बँका आल्या, पगार आले. पण गोदीत हमाली केलेल्या किंवा कपडे शिवलेल्या माणसाला त्या मनोऱ्यात मिळणारं काम म्हणजे रात्रीची साफसफाई. विभागाचं सरासरी उत्पन्न वाढलं आणि मुलांची गरिबी मोठीच राहिली. म्हणून सरासरीवर मी विश्वास ठेवत नाही.

शाळेत मात्र पट फिरला. नव्वदच्या दशकात बांगलादेशी मुलं परीक्षांत फार मागे होती, इंग्रजी नुकतं शिकत होती. आज सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत त्यांचे निकाल गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या सरासरीहून चांगले आहेत, आणि कॅरिबियन मुलांचे कमी. २००३ पासून लंडनच्या शाळांत जो पैसा आणि जे चांगले शिक्षक आले, त्यांचा फायदा तिथं दाटीनं राहणाऱ्या बांगलादेशींना मिळाला. कॅरिबियन मुलांचा शाळेशी झगडा जुना आहे. १९७१ मध्येच ग्रेनाडाचे बर्नार्ड कोर्ड यांनी पुस्तिका लिहून दाखवलं होतं, की चांगल्या मुलांनाही मंदबुद्धींच्या शाळांत ढकललं जात होतं. शाळेतून काढून टाकलेल्यांत आजही त्यांचं प्रमाण जास्त आहे. ज्या बापाचा कारखाना ऐंशीत बंद पडला आणि ज्या मुलाला पोलीस रस्त्यावर रोज अडवत होते, त्या घरात शाळेवरचा विश्वास कसा टिकेल? १९८१ चा ब्रिक्स्टनचा उद्रेक त्या रोजच्या अडवणुकीतून झाला.

या दोन समाजांना एकमेकांशी झुंजवणाऱ्यांना मी १९७६ ची आठवण देतो. ईस्ट एंडमध्ये बंगाली कुटुंबं रिकाम्या सरकारी घरांचा ताबा घेत होती, कारण घरं मिळतच नव्हती. त्यांच्या संघटनेच्या पाठीशी ब्रिक्स्टनमधलं ‘रेस टुडे’ मासिक उभं राहिलं. त्यात त्रिनिदादचे डार्कस हाऊ होते, माला सेन होत्या आणि पुण्यात जन्मलेले फारुख धोंडीही होते. १९७८ च्या मे महिन्यात अल्ताब अली या तरुण बंगाली शिवणकामगाराचा खून झाला, तेव्हा त्याच्या शवपेटीमागून सुमारे सात हजार माणसं पंतप्रधानांच्या घरापर्यंत चालत गेली.

संपत्तीचा हिशेब अजून बाकी आहे. रनीमीड ट्रस्ट या संशोधन संस्थेनं २०२० मध्ये मांडलं, की गोऱ्या ब्रिटिश कुटुंबाच्या एका पौंड संपत्तीमागे कॅरिबियन कुटुंबाकडे सुमारे २० पेन्स आहेत आणि बांगलादेशी कुटुंबाकडे सुमारे १०. कॅरिबियन कुटुंबांच्या त्या वीस पेन्समध्ये पार्डनरच्या घरांचा वाटा आहे, पण तोही सुरक्षित नाही. २०१८ मध्ये उघड झालं, की लहानपणी कायदेशीर मार्गानं आलेल्या कॅरिबियन माणसांना कागद नाहीत म्हणून नोकरीवरून काढलं, उपचार नाकारले, काहींना देशाबाहेर घालवलं. चाळीस-पन्नास वर्षं कर भरलेल्या माणसांचं हे झालं. गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, पण गमावलेला पगार आणि घर भरपाईनं पुरतं परत मिळत नाही.

आणि बांगलादेशी मुलांच्या त्या चांगल्या निकालांचं पुढे काय झालं? २०१८ मध्ये बांगलादेशी मुळाच्या कामगाराचा तासाचा मध्यम पगार गोऱ्या ब्रिटिश कामगाराहून २० टक्के कमी होता. २००९ मध्ये ब्रिटिश सरकारनं एक पाहणी करून घेतली. एकसारखी पात्रता लिहिलेले अर्ज वेगवेगळ्या नावांनी नोकऱ्यांसाठी पाठवले गेले. गोरं नाव असलेल्याला सरासरी नऊ अर्जांनंतर एक होकारार्थी उत्तर आलं. आशियाई, आफ्रिकी नाव असलेल्यांना त्यासाठी सोळा अर्ज करावे लागले.